दोना पावलाच्या टेकडीवर

गोव्याला गेलेला मुंबईकर दोना पावला पाहिल्यावाचून परतत नाही. १९८१ साली ‘एक दुजे के लिए’ झळकला, तेव्हापासून तर तो नेमच झाला आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्हीही गेलो. सौ. धक्क्याजवळच्या दुकानात टोपीचा भाव करण्यात गुंतली नि मी नातवाचे बोट धरून टेकडी चढू लागलो. वर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. मला खरे तर तीच पाहायची होती आणि त्याला कारण होते साठ वर्षांचे एक जुने भांडण.

भांडण माझे नि वडिलांचे. आमचे नाना कुलाब्याच्या वेधशाळेत कारकून होते. १९६३ साली मुंबईत आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र सुरू झाले नि नानांच्या रात्रपाळ्या वाढल्या. त्या वर्षी नरकचतुर्दशीला पहाटे मी अंगभर उटणे चोपडून नानांची वाट पाहत मोरीत बसलो. ते आले ऊन वर आल्यावर, वाड्यातले फटाके संपल्यावर!

“नाना, तुम्ही होतात कुठे?”

“बोटींनी कळवलेले आकडे नकाशावर चढवत होतो.”

“आपल्या बोटींचे?”

“आपल्या, रशियाच्या, अमेरिकेच्या, विलायतेच्या. साऱ्यांच्या.”

परक्यांच्या बोटींसाठी माझी पहिली आंघोळ चुकवली, हे मी मनाशी गाठ मारून ठेवले. नाना गेले तोवर ती गाठ सुटली नव्हती.

ते गेल्यावर मात्र मी त्या बोटींची हकीगत मिळेल तिथून वाचून काढली. हिंदी महासागराकडे तोवर शास्त्रज्ञांचे फारसे लक्ष गेले नव्हते. म्हणून आंतरराष्ट्रीय मोहीम निघाली. १९६५ पर्यंत ती चालली. सुमारे चाळीस जहाजे! रशियाचे ‘वित्याझ’, इंग्रजांचे ‘डिस्कव्हरी’, आपल्या नौदलाचे ‘किस्तना’. अमेरिकेचे ‘अँटन ब्रून’ तर एके काळी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांची विहारनौका. तिचीच प्रयोगशाळा केलेली. १९६२ साली क्युबावरून रशिया-अमेरिका युद्धाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपले होते. त्याच काळात त्यांची जहाजे एकाच समुद्राचे पाणी मोजत होती नि आकडे एकमेकांच्या हाती देत होती. यात साधुसंतपणा नव्हता. एवढा समुद्र एकट्याला मोजवणार नाही, हा व्यवहार दोघांनाही कळत होता.

मोजमापाचीही गंमत पाहा. एका वाण्याचा शेर दुसऱ्याच्या शेराशी जुळला नाही, तर हिशेब लागायचा कसा? म्हणून समुद्रातले सूक्ष्म जीव गोळा करायला एकाच मापाचे जाळे ठरवले. निरनिराळ्या देशांनी गोळा केलेले नमुने निवडायला १९६३ साली कोचीनला केंद्र निघाले. मोहीम आटोपली नि १ जानेवारी १९६६ रोजी आपली राष्ट्रीय संस्था जन्मली. पुढे १९७१ साली क्लाउस विर्टकी यांनी मोहिमेच्या आकड्यांचा जाडजूड नकाशासंग्रह छापला.

सुट्टीमुळे संस्थेचे फाटक बंद होते. बाहेरच्या कठड्यावर टेकलो. समोर जुवारीचे मुख, पलीकडे मुरगाव बंदर.

“आता कोण मोजतं, आजोबा?” नातवाने विचारले.

मी त्याला ‘आर्गो’च्या तरंगत्या यंत्रांची गोष्ट सांगितली. जगभरच्या समुद्रांत अशी सुमारे चार हजार यंत्रे आहेत. हजार मीटर खोलीवर ती वाहत राहतात. दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून पाणी मोजत वर येतात नि उपग्रहाला आकडे सांगतात. यंत्र कुणाचेही असो, आकडे सर्वांना फुकट. आपल्याकडचे काम हैदराबादला चालते.

“पण हैदराबादला समुद्रच नाही!”

“आकडे पोचले की समुद्र पोचला, बाळ.”

आणि न पोचले तर? २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ समुद्राचा तळ हादरला. जगातल्या यंत्रांनी तो धक्का मिनिटांत टिपला. लाटेला तामिळनाडू गाठायला सुमारे दोन तास लागले. पण हिंदी महासागराकाठच्या देशांनी एकमेकांना सावध करावे, अशी व्यवस्थाच नव्हती. दोन लाखांहून अधिक माणसे गेली. ऑक्टोबर २००७ पासून हैदराबादला त्सुनामीच्या इशाऱ्याचे केंद्र रात्रंदिवस जागे असते. पुढे शेजारी देशांनाही तिथून इशारे जाऊ लागले. तिथे दिवाळीच्या पहाटेही कुणीतरी आकड्यांपुढे बसलेले असणार. त्याच्याही घरी एखादे पोर उटणे लावून बसलेले असेल.

नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “तुमचा राग गेला, हे पणजोबांना कधी सांगितलंत?”

मला उत्तर देता येईना. मी समुद्राकडे पाहत राहिलो. खालून सौ. हाका मारत होती. टोपीचा सौदा जमला होता. पोराने मुकाट्याने माझा हात धरला नि आम्ही टेकडी उतरू लागलो.