उन्हात ठेवलेली पुस्तके

पावसाळा सरला की आमच्या बदलापुरात घरोघर दोन कामे निघतात. एक, गोधड्या वाळत घालायच्या आणि दुसरे, पुस्तकांना ऊन दाखवायचे. दुसरे काम सगळ्याच घरी नसते, पण आमच्याकडे असते. चार महिने भिंतींना ओल असते. कपाट उघडले की कुबट वास येतो. आश्विनाचे कडक ऊन पडले की मी गॅलरीत जुनी सतरंजी अंथरते, एकेक पुस्तक फडक्याने पुसून उघडे ठेवते आणि पानांत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालते. समोर चंदेरीचा डोंगर धुऊन काढल्यासारखा दिसतो. वाटीत उकडलेल्या ओल्या शेंगा असतात. दोन पुस्तके पुसून होतात आणि तिसरे हातात राहते ते राहतेच. मग स्वयंपाकाला उशीर होतो, आणि घरातले समजून घेतात.

यंदाच्या वर्षावासात आमच्या विहारात आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन झाले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, 1957 साली, हा ग्रंथ मूळ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. आज तो मराठीत आपल्या वस्त्यावस्त्यांत वाचला जातो. ज्या आयाबायांना अक्षरओळख नाही, त्याही तीन महिने ऐकून पूर्ण ग्रंथाच्या धनी होतात. घरी मी बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' पुन्हा वाचले. फलटणला किराणा दुकान चालवताना या बाई पुड्या बांधायला आणलेली रद्दी वाचीत आणि घरच्यांपासून लपवून लिहीत. त्या लिखाणाचे पुस्तक 1986 साली आले. त्यानंतर उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' वाचले. ते 1989 चे. बाबासाहेबांच्या चळवळीत उभ्या राहिलेल्या बायांची ती हकीकत आहे. वाचताना आपल्याच आजीचा आवाज ऐकू यावा, असे ते पुस्तक आहे.

पुस्तके वाळवताना मी मोजतेही. ही सवय मला 26 जुलै 2005 नंतर लागली. त्या दिवशी उल्हास नदी पश्चिमेकडच्या वस्त्यांत शिरली. आम्ही तेव्हा नदीच्या बाजूला तळमजल्यावर राहत होतो. धान्य गेले, कागदपत्रे गेली आणि वीस वर्षे पै-पै साठवून घेतलेली पुस्तके गेली. 'बलुतं' गेले, खैरमोड्यांनी लिहिलेल्या बाबासाहेबांच्या चरित्राचे खंड गेले. पाणी ओसरल्यावर चिखलातून जे निघाले, ते पुस्तक नव्हते, लगदा होता. मी ते जिवापाड जपत असे. कुणी मागितले तर 'नंतर देते' म्हणत असे. एकच पुस्तक वाचले, उर्मिला पवारांचे 'आयदान'. ते 2003 साली निघाले आणि मी हौसेने विकत घेतले. अंबरनाथची मैत्रीण हट्टाने घेऊन गेली होती, म्हणून ते राहिले. कुलपातले बुडाले आणि दिलेले तरले. तेव्हापासून मी मागेल त्याला पुस्तक देते आणि वहीत नाव लिहून ठेवते.

या वर्षी मोजणी केली तर पुन्हा तेच 'आयदान' कमी! वहीत नाव त्याच मैत्रिणीचे. पौर्णिमा झाली, खीर वाटून झाली, आणि पुढच्या रविवारी मी लोकलने अंबरनाथला उतरले.

मैत्रीण शिवमंदिराच्या रस्त्याला राहते. मंदिर शके 982 चे, म्हणजे इसवी सन 1060 चे, शिलाहारांच्या काळातले आहे. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावे लागते. बाहेरच्या भिंतींवर बोटभर जागा कोरीवकामावाचून सोडलेली नाही. राजवंशाचे नाव पुस्तकांत सापडते, पण छिन्नी चालवणाऱ्या हातांची नावे कुणाच्या तोंडी नाहीत. शेजारून वालधुनी वाहते. कारखान्यांच्या आणि गटारांच्या पाण्याने तिचे काय झाले आहे, ते नाकच सांगते. पावसाने आठ दिवस धुतली, एवढेच तिचे सुख.

"जयभीम ताई," मैत्रीण म्हणाली, "पण पुस्तक माझ्याकडं कुठंय? मागच्या चाळीतल्या वहिनींनी नेलंय."

वहिनींच्या घरी गेलो. त्या म्हणाल्या, "अहो, ते माझ्या भाचीकडं उल्हासनगरला गेलं. दिवाळीला आणते म्हणाली."

मला राग यायला हवा होता, पण हसू आले. आम्ही दोघी पुन्हा स्टेशनवर आलो. पुढचेच स्टेशन उल्हासनगर.

दुसऱ्या महायुद्धात इथे सैन्याची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित त्या बराकींत राहिले आणि 1949 साली गावाला उल्हासनगर हे नाव मिळाले. कॅम्प एक ते कॅम्प पाच हे आकडे मात्र लोकांच्या तोंडी अजून आहेत. बेघर होऊन आलेल्यांनी इथे बाजार वसवला, आणि पोटासाठी आलेली आपली माणसेही त्याच्या कडेकडेने वसली. फर्निचर आणि जीन्ससाठी हे शहर आता दूरवर माहीत आहे.

भाची कॅम्प चारमध्ये राहते. दारातच जीन्सचा ढीग होता. शिवून आलेल्या पँटींचे सुटे धागे कापायचे काम ती घरी करते. 'आयदान' तिच्या गुडघ्याशी उघडे होते, त्यावर कात्री आडवी ठेवलेली, पान मिटू नये म्हणून. आयदान म्हणजे बांबूची विणलेली टोपली-सुपली. लेखिकेची आई ती विणून लेकरे वाढवीत असे.

"मावशी, थोडीच पानं राहिलीत," ती घाबरून म्हणाली. "कालच संपवणार होते, पण माल लवकर मागितला."

मी पुस्तक हातात घेतले. कडा मळल्या होत्या, एका पानावर हळदीचा डाग होता, एका ठिकाणी कुणी पेन्सिलीने रेघ मारली होती. माझ्या कपाटातले एकही पुस्तक एवढे वापरलेले नाही.

1907 साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. एका हाताने दुसऱ्या हातात ठेवलेले ते एक पुस्तक. त्यातून पुढे काय घडले, ते आपल्याला सांगायला नको. वाचक भगिनींनो, आपल्या कपाटातही एखादे पुस्तक वर्षानुवर्षे पडून असेल. दिवाळीच्या साफसफाईत त्याला ऊन दाखवा आणि मग शेजारी द्या.

मी 'आयदान' परत तिच्या गुडघ्याशी ठेवले. "संपव सावकाश. मग कुणाला द्यायचं ते तूच ठरव, फक्त मला नाव कळव."

संध्याकाळी बदलापूरला आले, सतरंजीवरची पुस्तके आत घेतली. ती अजून कोमट होती. वही काढली आणि मैत्रिणीचे नाव खोडून भाचीचे लिहिले.