त्सेमाखची वाट

माझ्या वयाच्या माणसाने एकट्याने मोटार काढून चार दिवस जुनी रेल्वे स्टेशने पाहत हिंडावे, हे आमच्या घरात कोणालाच पसंत नाही. थोरला म्हणतो, "बाबा, सहलीच्या बसने जा." सून म्हणते, नातवाला बरोबर न्या. नातू गुणी आहे, पण रुळांकडे तो दहा मिनिटांपेक्षा जास्त पाहणार नाही. शिवाय एकट्याने जाण्याचे दुसरेही एक कारण आहे.

आमचे पप्पा कल्याणला गार्ड होते. ते नोकरीला लागले तेव्हा ती जी.आय.पी. होती, १९५१ साली मध्य रेल्वे झाली. १९६९ साली आम्ही दिमोनाला आलो आणि दुसऱ्याच आठवड्यात पप्पा मालगाडीच्या रुळांना टेप लावून आले. चार फूट साडेआठ इंच! साडेपाच फुटी रुळांवर जन्म काढलेला माणूस; त्यांना हे जरा हलकेच वाटले. पुढे कोणीतरी त्यांना सांगितले की, हैफाहून खोऱ्यातून त्सेमाखमार्गे सीरियाकडे जाणारी तुर्कांची लाईन १९०५ साली सुरू झाली, आणि तिची रुंदी होती १.०५ मीटर. म्हणजे मीटरगेजही नव्हे, त्याहून दोन इंच जास्त. नेरळ-माथेरानचे दोन फूट त्यांना ठाऊक होते, पण हे माप नवीनच. "एकदा मला त्सेमाखला ने," असे ते दर पेसाहला म्हणत. माझी कारखान्यात पाळी असे. आधी मोटार नव्हती. मग मोटार आली आणि वेळ नव्हता. १९८४ साली पप्पा गेले. मुलांना मी हे कधी सांगितलेले नाही.

तर बेत असा आहे. सोमवारी सकाळी निघून प्रथम बेरशेबा. तेथील तुर्की स्टेशन १९१५ सालचे, पहिल्या महायुद्धातले. पुढ्यात वाफेचे इंजिन उभे आहे, ते २०१२ साली तुर्कस्तानातून आणलेले. त्याच्यावरचा ७०४१४ हा नंबर मात्र दुसऱ्याच इंजिनाचा. पप्पांना हे मुळीच खपले नसते! तेथून याफो. याफो-जेरुसलेम लाईन १८९२ सालची, मूळची एक मीटरची, इंग्रजांनी १९२० साली रुंद केली. जेरुसलेमचे जुने स्टेशन मी गाळले आहे, तेथे खाण्यापिण्याचीच गर्दी फार. रात्री लोदला बहिणीकडे मुक्काम.

मंगळवार सबंध हैफाच्या रेल्वे संग्रहालयासाठी ठेवला आहे. हैफापर्यंत जाऊन एलियाहू हन्नाबीच्या गुहेत डोके न टेकता परतलो, तर बहीण मला घरात घेणार नाही. बुधवारी कफार येहोशुआचे दुरुस्त केलेले स्टेशन आणि मग त्सेमाख. १९४६ साली यार्मुकवरचा पूल उडवला आणि पुढची वाट तुटली. २०१६ साली खोऱ्यात पुन्हा गाडी सुरू झाली, पण रुंद रुळांवर आणि बेत शेआनपर्यंतच. त्सेमाखला आजही रेल्वेने जाता येत नाही, म्हणून मोटार.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी रात्री गाडी चालवायची नाही असे बजावले आहे. त्यामुळे मुक्काम दिवसाउजेडीच गाठायचे आणि गुरुवारी घरी, शब्बाथला एक दिवस राखून. थोरल्याला दर दोन तासांनी फोन हवा होता, दिवसातून तीनवर तडजोड झाली. पुढच्या वर्षी डॉक्टर दिवसाचीही परवानगी देतील की नाही, हे त्याला विचारायचे मी टाळले.

पप्पांचा टेप गंजला आहे. नवा घेतला, तीन मीटरचा.