संगमरवराच्या गावात मुलांचा कॉम्प्युटर

नागपूरहून निघालेला रस्ता सिवनी, लखनादौन मागे टाकत नर्मदेवर येतो, तिलवारा घाटाचा पूल ओलांडतो आणि जबलपूर सुरू होते. मराठी माणसाला हे शहर फारसे परके वाटत नाही. १८१७ साली इंग्रज येईपर्यंत येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि इंग्रजी अमलातही पुढे बराच काळ, १९५६ पर्यंत, जबलपूरकरांची राजधानी नागपूरच होती. राइट टाउन, नेपियर टाउन, गोल बाजार या भागांत फिरताना फाटकांवर मराठी आडनावांच्या पाट्या दिसतात. तीन-तीन पिढ्या येथे काढलेल्या या घरांतली मराठी ऐकायला मोठी गोड. "काल मला बाजारात तुमची बहीण मिळाली होती" असे कुणी म्हणाले तर दचकू नका. बहीण हरवली नव्हती, नुसती भेटली होती.

पर्यटक येथे येतो तो भेडाघाटासाठी. त्याकडे आपण वळूच. पण देशातल्या प्रत्येक वकिलाला हे शहर माहीत आहे ते वेगळ्याच कारणाने. माझे मावसभाऊ अण्णा यांनी येथल्या हायकोर्टात चाळीस वर्षे वकिली केली. पहिल्याच सकाळी त्यांनी मला कमानी आणि बुरुजांच्या त्या जुन्या इमारतीसमोर नेऊन उभे केले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि नागपूरला जाणारे खटले इकडे आले. "तुमच्या नागपूरनं आम्हाला दिलेली सर्वांत मोठी वस्तू," असे अण्णा म्हणतात. संत्र्यांचा ते उल्लेखही करत नाहीत.

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली आणि मिसा कायद्याखाली हजारो माणसे तुरुंगात गेली. शिवकांत शुक्ल हे त्यांपैकीच एक. अटक बेकायदा असेल तर न्यायालयाला ती तपासता येते, असे जबलपूरच्या हायकोर्टाने सांगितले. देशातल्या आणखीही काही हायकोर्टांनी तसेच म्हटले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. अपील जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नावाने असल्यामुळे खटल्याला नाव पडले 'एडीएम जबलपूर'. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचपैकी चार न्यायमूर्तींनी निकाल दिला की, आणीबाणीत नागरिकाला अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे विरोधात गेले. पुढच्याच वर्षी सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावलण्यात आले आणि त्यांनी राजीनामा दिला. त्या चौघांत आपल्या पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड होते.

त्यानंतर ४१ वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने सांगितले की खासगीपणा हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. आधारसंबंधी निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी केलेल्या याचिकेतून हा प्रश्न उभा राहिला होता. जीवन आणि स्वातंत्र्य या गोष्टी सरकारने दिलेल्या नसतात, त्या माणसाला माणूस म्हणूनच असतात, असे मानल्याखेरीज खासगीपणाचा हक्क उभाच राहत नाही. म्हणून त्याच निकालात 'एडीएम जबलपूर' रद्द ठरवला गेला. तसे लिहिले न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी. मुलाने वडिलांचा निकाल पुसला. हे सांगताना अण्णांचा आवाज आजही थोडा बदलतो.

पण या निकालाचे जे पान अण्णांनी मला वाचून दाखवले ते वेगळेच होते. न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात मुलांविषयी लिहिले आहे. मुले इंटरनेटवर रात्रंदिवस आपल्या खुणा ठेवत असतात आणि त्या पुसल्या जात नाहीत. लहानपणी केलेल्या चुका आणि भाबडेपणा यांची शिक्षा त्यांना जन्मभर भोगावी लागू नये. त्यांच्या खासगीपणाला खास संरक्षण हवे, असा त्याचा आशय. अण्णांना हे पान पाठ व्हायला कारण झाली त्यांची आठ वर्षांची नात. घरात तिला सगळे 'छोटी' म्हणतात.

एका टिकलीची गोष्ट

झाले होते असे. छोटीला चित्रे काढायचा नाद. वहिनींनी आपल्या मोबाइलवर तिला चित्रे रंगवायचा एक खेळ घेऊन दिला. खेळाने आधी छोटीची जन्मतारीख विचारली, मग माइक, मग फोनमधली नावे आणि शेवटी आपण कुठे आहोत हे कळण्याची परवानगी. पोर रडू नये म्हणून वहिनी प्रत्येक वेळी 'हो' म्हणत गेल्या. महिन्याभराने भाचा सुटीवर आला, त्याने फोन उघडून पाहिला आणि डोक्याला हात लावला. हत्ती रंगवायला घराचा पत्ता कशाला हवा? तुम्हीच सांगा, तुमच्या घरात यापेक्षा काही वेगळे घडते का?

भाचा कॉम्प्युटरमधला. त्याने माळ्यावरचा जुना लॅपटॉप काढला, पुसला आणि त्यावर 'शुगर' नावाची ऑपरेटिंग सिस्टिम बसवली. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्र सुरू करताच जागा होणारा आणि बाकीच्या सगळ्या प्रोग्रामना कामाला लावणारा मूळ कारभारी. काटेकोर बोलायचे तर शुगर हा लिनक्स नावाच्या मोफत कारभाऱ्यावर चढवलेला मुलांसाठीचा पोशाख आहे. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर त्याने वहिनींच्या पाकिटातली एक मोठी लाल टिकली चिकटवली. ती अजून तिथेच आहे.

मी त्या यंत्रासमोर छोटीबरोबर दोन संध्याकाळी बसले. सुरू केल्यावर त्याने नाव विचारले होते आणि दोन आवडते रंग. पासवर्ड नाही, ई-मेल नाही, फोन नंबर नाही. पडद्याच्या मधोमध काडीसारखा एक छोटा माणूस, छोटीने निवडलेल्या जांभळ्या-हिरव्या रंगांत, आणि त्याच्याभोवती चित्रांचे कडे. एक चित्र दाबले की लिहिता येते, दुसरे दाबले की रंगवता येते, तिसऱ्याने कासवाला आज्ञा देऊन रेषा काढता येतात. फाइल आणि फोल्डर ही भानगडच नाही. मूल जे करील ते आपोआप 'जर्नल'मध्ये, म्हणजे रोजनिशीत, तारखेवार जमा होते आणि त्याच यंत्रात राहते. जाहिरात कुठेही नाही, कारण विकायलाच काही नाही.

कर्जतच्या डोंगरात

ही शुगर कुठून आली हे ऐकून मला गंमत वाटली. अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ मध्ये गरीब देशांतल्या मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. तो कधीच शंभर डॉलरला मिळाला नाही, किंमत जवळजवळ दुप्पट झाली. हिरव्या-पांढऱ्या रंगाचा, सशाच्या कानांसारखे दोन अँटेना असलेला, उन्हातही वाचता येणारा तो लॅपटॉप तुम्ही छायाचित्रांत पाहिला असेल. शुगर तयार झाली ती त्याच्यासाठी. आपल्या केंद्र सरकारने २००६ मध्ये ही योजना नाकारली. तरीही २००७ मध्ये भारतातला पहिला प्रयोग झाला आणि तो आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराट या छोट्या गावी. एका शिक्षकाची शाळा, पहिली ते चौथीची वीसेक मुले, आणि प्रत्येकाच्या हातात एक लॅपटॉप.

त्या यंत्राच्या सुरक्षेचा आराखडा इव्हान क्रस्टिच या तरुण तज्ज्ञाने लिहिला होता. ज्याला अजून वाचता येत नाही ते मूलसुद्धा सुरक्षित राहिले पाहिजे, हे त्याचे गृहीत. म्हणजे 'परवानगी आहे का?' असे विचारून जबाबदारी मुलाच्या गळ्यात मारायची नाही. प्रत्येक प्रोग्राम आपापल्या खोलीत बंद. शेजारच्या खोलीतली वही त्याला उचलता येऊ नये, अशी योजना. कॅमेरा किंवा माइक चालू झाला की यंत्रावरचा दिवा लागणारच, कारण त्याची तार थेट जोडलेली. कुठल्याही प्रोग्रामला तो विझवता येऊ नये. वहिनींनी चार वेळा दाबलेला 'हो' आठवला की या विचाराची किंमत कळते.

आराखड्यातले सगळेच प्रत्यक्षात उतरले नाही, हेही सांगितले पाहिजे. त्या हिरव्या लॅपटॉपचे उत्पादन केव्हाच थांबले. नुसती यंत्रे वाटून शिक्षण होत नाही, ही त्या योजनेवरची टीका मला तरी रास्त वाटते. शुगर मात्र टिकली. २००८ पासून 'शुगर लॅब्ज' ही संस्था ती सांभाळते आणि साध्या जुन्या कॉम्प्युटरवरही ती चालते. पण साध्या लॅपटॉपला तो थेट तारेचा दिवा नसतो. म्हणून टिकली.

आणखी एक मर्यादा भाच्याने मला बजावून सांगितली. शुगर घरातली वही घरात ठेवते. पण मुलाने तिच्यातून इंटरनेट उघडले की समोरची साइट आपला कारभार करणारच. त्यासाठी कायदा लागतो. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती हवी, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवण्यास मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि कंपन्यांना तयारीसाठी १८ महिन्यांची मुदत मिळाली. पालकांची संमती म्हणजे पुन्हा वहिनींचा 'हो'च, असे अण्णा डोळे मिचकावून म्हणाले.

घरातला खरा वाद तर वेगळाच आहे. शुगरला पासवर्ड नाही. तेव्हा जर्नल कुणीही उघडू शकतो. छोटीच्या आईने एकदा ते उघडले. त्यात शाळेतल्या मैत्रिणीशी झालेल्या भांडणाविषयी चार ओळी होत्या. छोटी दोन दिवस आईशी बोलली नाही. "आठ वर्षांच्या पोरीचं कसलं आलंय खासगी?" असा वहिनींचा सवाल. "उद्या काही वाईट घडलं आणि आपल्याला कळलंच नाही तर?" ही आईची काळजी, आणि ती खोटी नाही. अण्णांचे म्हणणे, आधी तिला विचारा, मग उघडा. मी असेपर्यंत तोडगा निघाला नव्हता. तूर्त छोटी आपले लिखाण जुन्या पद्धतीने, कागदाच्या वहीत करते आणि वही कुठे ठेवते ते कुणाला माहीत नाही.

भेडाघाट

भेडाघाट शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर. धुआंधार धबधब्याचे तुषार खरोखरच धुरासारखे वर चढतात आणि कठड्याशी उभे राहिले की पाच मिनिटांत चष्मा ओला. तिथून जवळच टेकडीवर दहाव्या शतकातले कलचुरींच्या काळातले चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार मंदिर. चढण आहे, पण चुकवू नका. मग पंचवटी घाटावरून नाव. दोन्ही बाजूंना पांढरे, पिवळसर, कुठे निळसर झाक असलेले संगमरवराचे उभे कडे, मधे शांत, खोल नर्मदा. नावाडी वल्ही मारता मारता यमक जुळवून कड्यांची वर्णने करतात आणि सिनेमातल्या नायिकांपासून पुढाऱ्यांपर्यंत कुणालाही सोडत नाहीत. परतल्यावर छोटीने शुगरमध्ये कासवाकडून धुआंधार काढून घेतला. फोटो काढून कुणाला पाठवायचा का, असे मी विचारले, तर म्हणाली, "आत्याआजी, तू घरी येऊनच बघ ना."

मुंबईहून जबलपूरला गरीबरथ आणि प्रयागराजमार्गे जाणारी हावडा मेल आहे. गोंदियाहून जुन्या छोट्या गाडीच्या जागी आता ब्रॉडगेज झाली आहे. नागपूरहून रस्ता पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पावसाळ्यात नावा बंद असतात, तेव्हा दिवाळीची सुटी उत्तम. शुगर मोफत आहे. ती पेनड्राइव्हवर घेऊन जुना कॉम्प्युटर त्यावरूनच सुरू करता येतो, म्हणजे आतल्या मजकुराला हात न लावता मुलाला आठवडाभर वापरायला देऊन पाहता येते. आणि गावातली खव्याची जिलबी काळपट दिसते म्हणून नाक मुरडू नका. ती तशीच असते, गरम असतानाच खा.