पौषातला समुद्र

आपल्याकडे पौष महिन्यास 'भाकड' म्हणण्याचा प्रघात आहे. या महिन्यात लग्ने नाहीत, मुंजी नाहीत, नव्या कार्याचा आरंभ नाही. संक्रांतीचा तिळगूळ वाटून झाला की महिना संपल्यासारखाच मानतात. प्रवासाच्या बाबतीतही हीच समजूत रूढ झाली आहे. कोकणात जावयाचे ते वैशाखात, मुलांच्या सुट्टीत, आंबे-फणसांच्या ओढीने. नाही तर नाताळात, सगळे जातात म्हणून. या दोन्ही वेळी जागेस दुप्पट पैसे पडतात, आणि समुद्राकडे पाहू गेले तर पुढे उभ्या असलेल्यांच्या पाठीच तेवढ्या दिसतात. नाताळची गर्दी ओसरल्यापासून शिमग्यापर्यंतचा जो निवांत काळ आहे, त्यात समुद्रकाठी जाऊन राहणे किती सुखाचे असते, हे वाचकांस सांगावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

आमचे कुटुंब एकत्र आहे. आम्ही तिघे भाऊ, मुले, सुना, नातवंडे मिळून अठरा माणसे एका स्वयंपाकघरात जेवतो. अशा घरातील स्त्रीचा प्रवास कसा असतो, हे वाचक भगिनींस सांगावयास नको. आमच्या सौभाग्यवतींनी लग्नानंतरच्या चाळीस वर्षांत पुष्कळ गावे पाहिली; पण प्रत्येक वेळी बरोबर फराळाचे डबे, आजारी कोणी असल्यास त्याचा काढा आणि लहानांचे दुपटे-झबले होतेच. गाव बदलत असे, काम बदलत नसे. गेल्या दिवाळीनंतर त्यांची पाठ धरू लागली. वैद्यांनी औषध दिले आणि विश्रांती सांगितली. पण अठरा माणसांच्या घरात विश्रांती कोणत्या खोलीत मिळावयाची? अखेर आमच्या थोरल्या सूनबाईच म्हणाल्या, "आई, आठ दिवस कोठीची किल्ली माझ्याकडे द्या, आणि तुम्ही दोघे कोठे तरी जाऊन या." "दोघेच?" असा प्रश्न वडीलधाऱ्या वहिनींच्या चेहऱ्यावर उमटला खरा, तथापि त्यांनीच मग प्रवासासाठी लोणच्याची बरणी काढून दिली.

स्थळ ठरविले ते रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्याचे मुरूड. जंजिऱ्याजवळचे मुरूड निराळे; हे हर्णै बंदराच्या दक्षिणेस आहे. मुंबईकरांस कोकण रेल्वेने खेड स्टेशनावर उतरून दापोलीस जाता येते. आम्ही पुण्याहून एस. टी.ने घाट उतरलो. दापोलीचे पठार सोडून मोटार आसूदच्या बाजूस उतरू लागली की हवा पालटते. पोफळींच्या बागा, पाटांतून खळखळणारे पाणी आणि ओल्या मातीचा वास सुरू होतो. दोन्ही बाजूंच्या कलमांना नुकता मोहोर धरला होता. आंब्यास मोहोर यावयास थंडी लागते. वैशाखातला हापूस चाखणाऱ्यास हे पौषाचे ऋण सहसा ठाऊक नसते.

आम्ही पोहोचलो ती शुद्ध अष्टमी होती, आणि निघालो पौर्णिमेस. या तिथी मुद्दाम सांगतो, कारण समुद्रकाठी पंचांगाइतके उपयोगी पुस्तक दुसरे नाही. कोकणात भरती काढण्याचा एक सोपा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानाने निघते. अष्टमीस सहा वाजता, एकादशीस सव्वाआठास, पौर्णिमेस सव्वाअकरास. सकाळी एकदा आणि रात्री एकदा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा माथ्यावर येतो आणि पाणी त्याच्या मागोमाग चालते, हे या हिशेबाचे मर्म. अष्टमीच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांची ओढ परस्परांस काटकोनात पडते, म्हणून भरती बेताची असते. तिला कोळी 'भांग' म्हणतात. पौर्णिमा-अमावास्येस दोन्ही ओढी एका रेषेत येतात आणि 'उधाण' होते. आमच्या आठ दिवसांत समुद्र भांगापासून उधाणापर्यंत रोज हातभर वर सरकताना पाहावयास मिळाला. संस्कृतात 'वेला' या एकाच शब्दाचे किनारा, भरती आणि काळ असे तिन्ही अर्थ आहेत, व आपला 'वेळ' हा त्याचाच वंशज. शाळेत हा शब्द वर्षानुवर्षे शिकविला. त्याचे तिन्ही अर्थ एकत्र उभे असलेले मात्र मुरूडच्या वाळूवर दिसले.

पौषातील समुद्राचा स्वभाव सौम्य असतो. आषाढात जो अंगावर धावून येतो, तोच या दिवसांत पहाटे तेलासारखा संथ पडलेला असतो. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहतो; हे मतलई वारे. दुपारी जमीन तापली की तोच वारा उलटा फिरतो. हे खारे वारे. शिडाच्या होड्यांच्या काळी कोळी मतलईवर बाहेर पडत आणि खाऱ्या वाऱ्यावर घरी परतत. आता होड्यांना यंत्रे बसली आहेत. पण पाहुण्याने पहाटे शाल पांघरून बाहेर पडावे आणि तिसऱ्या प्रहरी वाऱ्यावर बसावे, हा नियम अद्याप खरा आहे.

या दिवसांतले खरे प्रवासी म्हणजे पक्षी. लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकाठी वीण करणारे कुरव पक्षी हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर येतात व उन्हाळा चढू लागला की परत जातात. ओहोटीच्या ओल्या वाळूवर त्यांची शाळा भरते. आंजर्ल्यास कड्यावरच्या गणपतीचे दर्शन घेऊन खाली आलो, तेव्हा किनाऱ्यावर जाळीचे छोटे कुंपण दिसले. हिवाळ्याच्या रात्री समुद्रकासवाच्या माद्या वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि न पाहता निघून जातात. ती अंडी माणसांपासून व कुत्र्या-कोल्ह्यांपासून राखण्याचे काम शेजारच्या मंडणगड तालुक्यातील वेळास गावी 2002 च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने हाती घेतले. पुढे ते इतर गावांतही पसरले. वाळूच्या उबेवर पिल्लू नर होणार की मादी हे ठरते, ही गोष्ट ऐकून आमच्या सौ. कितीतरी वेळ त्या कुंपणाशी उभ्या होत्या.

हर्णैच्या बंदरात सायंकाळी मासळीचा लिलाव होतो. आमचा आहार निराळा असला, तरी तो व्यवहार पाहण्याजोगा आहे. कोळिणींच्या बोलीतली झटपट आकडेमोड पाहून गणिताच्या मास्तरानेही कान धरावेत. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा असतो. होडीने तेथे थोड्या वेळात जाता येते. महाद्वाराच्या पायरीवर कासव कोरलेले आहे आणि तटावर मारुती. हा आंग्र्यांच्या आरमाराचा बळकट आधार. 1755 च्या एप्रिलमध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने समुद्रावरून आणि पेशव्यांच्या फौजेने जमिनीवरून गाठून तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. पुढल्याच वर्षी विजयदुर्गाखाली आंग्र्यांचे आरमार जळाले. जेम्सच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने 1784 मध्ये लंडनजवळच्या टेकडीवर या विजयाचे स्मारक म्हणून एक मनोरा बांधला, आणि त्यास नावही सुवर्णदुर्गाचेच दिले. तो मनोरा आजही उभा आहे. आपल्याच समुद्रावरील आपलेच बळ आपल्या साहाय्याने मोडले गेले, हा धडा इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत असतो. त्या तटासमोर बसले म्हणजे ती ओळ लवकर संपत नाही.

मुरूडचे नाव महाराष्ट्रात झाले ते महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यामुळे. त्यांचे बालपण या गावी गेले. 1893 मध्ये त्यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम, 1916 मध्ये महिला विद्यापीठ आणि 1958 मध्ये भारतरत्न, असा तो मार्ग पुढे गेला. आज गाव त्यांचे नाव अभिमानाने सांगते. एका सायंकाळी हा वृत्तांत मी सौ.स मोठ्या उत्साहाने ऐकवीत होतो. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, बायकांनी शिकावे हे लोकांना पन्नास वर्षांत पटले. बायकांनी थोडे बसावे, हे पटायला किती लागतील?" मला त्यावर उत्तर सुचले नाही.

त्यांचे स्वतःचे बसणेदेखील सहजासहजी झाले नाही. पहिल्या दोन दिवशी त्या पहाटे पाचास उठत आणि काम शोधीत. यजमानीण बाई कुळीथ निवडीत होत्या, तर यांनी सूप ओढून घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळी मऊ भात, मेतकूट आणि तूप असे ताट कोणी दुसऱ्याने पुढे ठेवले, तेव्हा जेवता जेवता त्या म्हणाल्या, "गरम भात पहिल्यांदा कधी खाल्ला होता, आठवत नाही." त्यानंतर त्या सुरूच्या सावलीत तास तास बसू लागल्या. भरतीची रेघ जेथे येईल तेथे शिंपला खोचून ठेवीत आणि दुसऱ्या दिवशी पाणी त्याच्या किती पुढे गेले ते पाहत. माझा पाऊणपटीचा हिशेब पाव तासाने चुकतो, हे त्यांनीच मला दाखविले. रघुवंशाच्या तेराव्या सर्गात श्रीराम विमानातून सीतेस समुद्र दाखवितात. आमच्याकडे दाखविण्याचे काम दुसऱ्या बाजूस गेले.

मधल्या शनिवार-रविवारी मोटारींची रांग आली, गाणी वाजली, आणि सोमवारी सकाळी पुन्हा वाळूवर कुरवांची पावले तेवढी उरली. यजमानांनी त्या निवांतपणात आपली वाडी दाखविली. 3 जून 2020 रोजीच्या निसर्ग चक्रीवादळात या भागातील नारळी-पोफळी अक्षरशः आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून फळ धरावयास सहा-सात वर्षे लागतात, बाणवली नारळासही जवळजवळ तितकीच. आजोबांनी लावलेले गेले आणि नातवासाठी लावलेले अजून कोवळे, अशा मधल्या वर्षांत अनेक घरे पाहुण्यांच्या उत्पन्नावर तगली. ते उत्पन्न सुट्ट्यांपुरते येते. उरलेले दिवस खोल्या रिकाम्या. पौषात येणारा पाहुणा त्यांस म्हणूनच अधिक मोलाचा. त्याला चार शब्द बोलावयास सवड असते आणि यजमानासही.

ज्या वाचकांस जावयाचे असेल त्यांच्यासाठी दोन-तीन सूचना. सोमवार ते शुक्रवार साधावा. राहण्याची जागा एखाद्या वाडीतील घरी घ्यावी आणि जेवण तेथेच सांगावे. त्यात सोलकढी असावी. पंचांग, शाल आणि पायांत घसरणार नाही असे पादत्राण बरोबर न्यावे. आसूदच्या केशवराजास सकाळी जावे. पोफळींतून ओढा ओलांडून पायऱ्या चढाव्या लागतात, म्हणून ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खालच्या पाटाकाठी बसावे, तेही सुख कमी नाही. अनोळखी पाण्यात, विशेषतः ओहोटीच्या ओढीत, उतरू नये.

आणि एक सूचना घरातील कर्त्या पुरुषांस. एकत्र कुटुंबात सर्वांनी मिळून जाणे हे आनंदाचे खरे. पण ज्या हातांवर घर चालते त्या हातांस वर्षातून आठ दिवस रिकामे राहू देणे, हाही कुटुंबधर्मच आहे. आमच्या घरी हा खर्च आता वर्षाच्या अंदाजात धरला आहे. येत्या पौषात वडील वहिनींची पाळी ठरली असून, त्या आतापासूनच भरतीचे कोष्टक मागत आहेत.