दर्या आणि दऱ्या

नारळी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी मालवणात एक बॅनर लागला. पंधरा फूट बाय दहा फूट. मागे सिंधुदुर्ग किल्ला, पुढे निळं पाणी, मधोमध सोनेरी नारळ. आणि वर, दीड फूट उंचीच्या अक्षरांत: 'दऱ्याराजा, आमचं रक्षण कर!'

पुन्हा वाचा. दर्या नाही, दऱ्या. म्हणजे समुद्राचा राजा नव्हे, डोंगरातल्या दऱ्यांचा राजा.

तो बॅनर मी केला होता.

मी डीटीपी आणि फ्लेक्सचं काम करते. माझ्या कॉम्प्युटरवर तीन हजारांच्या वर फॉन्ट आहेत. सगळे एकदम चालू ठेवले तर मशीन चहा पिऊन येईपर्यंत उघडत नाही. म्हणून मी फॉन्ट मॅनेजर वापरते. नेक्ससफॉन्ट, फॉन्टबेस अशी फुकट मिळणारी सॉफ्टवेअर आहेत. काम काय, तर फॉन्टांचे गट करायचे, हवे तेवढेच चालू करायचे, बाकीचे झोपवून ठेवायचे. माझे गट असे: लग्नपत्रिका, दशावतार, वाढदिवस, श्रद्धांजली. आणि एक गट 'जुने'. खरी भानगड तिथेच आहे.

जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच. डोळ्यांना तेवढं मराठी दिसायचं. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, प्रत्येकाची मांडणी वेगळी. एकात लिहिलेला मजकूर दुसऱ्यात टाकला की कचरा. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, तीत देवनागरी होती. विंडोज २००० सोबत र. कृ. जोशींनी घडवलेला 'मंगल' आला आणि घरोघरच्या कॉम्प्युटरवर मराठी वाचता यायला लागलं. पण पेजमेकरला युनिकोड मराठी जमत नव्हतं, त्यामुळे छपाईच्या दुकानांत जुनेच फॉन्ट राहिले. आजही कुणीतरी दहा वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमाची फाइल आणतो आणि म्हणतो, "ताई, एवढी तारीख बदलून दे."

त्या दिवशी तशीच फाइल आली होती. मी मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणला. बाकी सगळं आलं, पण 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' आणि 'येणाऱ्या'चं 'येणार्या' झालं होतं.

हा चंद्रकोरीसारखा अर्धा र मराठीला फार लागतो, हिंदीला जवळजवळ नाही. मराठीत तो नुसती सजावट नाही. रफार असला की आधीच्या अक्षरावर जोर पडतो, या अर्ध्या रने पडत नाही. म्हणून आचार्यांना बोलावलं तर गुरुजी येतात, आचाऱ्यांना बोलावलं तर स्वयंपाकी. युनिकोडमध्ये हा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक ऱ वापरून, दुसरी साध्या र आणि हलन्तानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला वेगळे. ते जोडचिन्ह वाटेत गळलं की रफार उरतो.

रात्रीचे साडेदहा वाजले होते. मी फाइंड-रिप्लेस उघडलं: 'र्या' शोध, 'ऱ्या' कर, सगळीकडे. चौदा बदल झाले. तेरा बरोबर होते.

मंडळाच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. बॅनर बघून घरी आले ते बाबा.

"गो, ह्या काय लिवलंस? दर्याक डोंगरात नेऊन ठेवलंस मरे!"

मी म्हटलं, "बाबा, एका अक्षराचा फरक आहे."

ते काही बोलले नाहीत. हात धुतले आणि जेवायला बसले.

बाबा पेंटर. चाळीस वर्षं त्यांनी होड्यांवर नावं लिहिली. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, तोच त्यांचा हंगाम. आधी खडूने दोन रेघा, मग ब्रश. नाव नाळेकडे जातं तशी फळी वळत वर चढते, म्हणून पुढची अक्षरं किंचित मोठी आणि तिरकी. लांबून नाव सरळ दिसतं, जवळ जाऊन बघितलं तर एकही अक्षर सरळ नसतं. मी लहानपणी विचारलं होतं, तर म्हणाले, "फळी सरळ नाय, मगे अक्षर कशाक सरळ होया?"

आता होड्या फायबरच्या आणि नावं स्टिकरची. ते स्टिकर मीच कापते. म्हणजे बाबांचं काम माझ्याचकडे आलं, फक्त त्यांच्याकडून आलं नाही. हे आमच्या घरात कधी बोललं जात नाही.

मागच्या वर्षी माझ्या डोक्यात आलं की बाबांच्या अक्षरांचा फॉन्ट करावा. त्यांचा हात आता थरथरतो. मी किनाऱ्यावर जुन्या होड्यांचे फोटो काढत फिरले. सगळे मिळून बावीस वेगळी अक्षरं हाती लागली. देवनागरी फॉन्टला जोडाक्षरं धरून काहीशे आकार लागतात. खिळ्यांच्या काळापासून हीच कटकट आहे. तेव्हा कंपोझिटरसमोर खिळ्यांची खण पाडलेली मोठी पेटी असायची. माझ्या बावीसमध्ये 'ज्ञ' नव्हता, 'ठ' नव्हता. होडीचं नाव कोण 'ठ'वरून ठेवणार? आणि 'स' पाच मिळाले, पाचही वेगळे. फॉन्टात कुठला घ्यायचा? बाबांना विचारलं. "खंयच्या होडीचो?" एवढंच म्हणाले. तो फोल्डर तसाच पडून आहे.

पण बॅनरनंतर मी एक गोष्ट केली. फॉन्ट मॅनेजरमध्ये नमुना दाखवायला एक ओळ असते, ती आपल्याला बदलता येते. मी तिथे लिहिलं: 'दर्या दऱ्या लाल शहाळं'. ज्या फॉन्टात पहिले दोन शब्द सारखे दिसतात किंवा अर्धा र तुटतो, तो बाद. 'लाल शहाळं' ल आणि श साठी. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि गाठयुक्त श ठरवून दिलेत, तरी कितीतरी फॉन्ट आधी हिंदी वळणाची अक्षरंच पुढे करतात. तीन हजारांत मराठी मजकुराला उपयोगी शंभरसुद्धा उरले नाहीत. मशीन जोरात चालतं आता.

दर्या मात्र फॉन्टमुळे चुकला नव्हता. तो माझ्यामुळे चुकला होता, आणि ते पकडणारं सॉफ्टवेअर माझ्याकडे नाही.

या वर्षी त्याच मंडळाचं काम आलं. छापायला टाकण्याआधी मी साध्या कागदावर प्रिंट काढली आणि घरी नेली. बाबा ओट्यावर बसले होते. मी कागद पुढे धरला. त्यांनी चष्मा शोधला नाही.

"मोठ्यान वाच," म्हणाले.

मी वाचलं. 'दर्याराजा'शी त्यांनी मान हलवली. खाली एका ओळीत थांबवलं: "परत वाच." परत वाचलं. तिथे खरंच एक मात्रा राहिली होती. मी रोज शंभर वेळा तो मजकूर बघत होते, पण आवाज काढून एकदाही वाचला नव्हता.