नळीला काय मानवतं

ग्रुप फुटला, म्हणजे कागदावरची भोकं विखुरली, की पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला. मालाडच्या आमच्या दहा मीटरच्या रेंजवर अकरावीतल्या एका मुलीनं परवा तोच विचारला, "सर, नळी गेली का?" नळी अशी जात नसते, बाळा. एअर रायफलच्या नळीत ना दारूची आग, ना तांब्याचं घासणं. मऊ शिशानं पोलाद सहजी झिजत नाही. बिघडतं ते नळीच्या आजूबाजूचं.

*

आधी स्क्रू बघायचे. नळी आणि यंत्रणा दस्त्यात धरून ठेवणारे स्क्रू अर्ध्या आट्यानं सैल झाले तरी मार भरकटतो. मग मागची साइट, मग पुढची रिंग, मग सिलिंडरचा दाब (भरलेला असताना साधारण २०० बार). एका वेळी एकच गोष्ट हलवायची आणि लगेच दहा छर्रे कागदावर टाकायचे. स्क्रू आवळला, नळी पुसली, छर्र्यांचा डबाही बदलला, तर सुधारलं कशानं हे कधीच कळत नाही. पालकांना घाई असते, स्पर्धा तोंडावर असते. तरीही हा नियम मी मोडू देत नाही.

*

ग्रुप उभा लांबट आला तर दाब आणि वेग तपासावा, मगच श्वासाला दोष द्यावा. अधूनमधून एखादाच छर्रा लांब उडत असेल तर डबा पालथा करून छर्रे निरखावेत. शिसं मऊ असतं. छर्र्याच्या मागच्या पातळ घेराला पोचा पडला की तो नळीत नीट बसत नाही, आणि हवा एका बाजूनं निसटते.

*

दहा मीटरच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. गुण दशांशात मोजतात, आणि ०.१ गुण म्हणजे पाव मिलिमीटर. म्हणून एकाच कंपनीच्या छर्र्यांचे डबे डोक्याच्या व्यासाप्रमाणे वेगवेगळे मिळतात: ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर. शेजारच्या मुलाला ४.५० मानवला म्हणून आपल्याही रायफलीला मानवेल असं नाही. एकाच कारखान्यातून लागोपाठ निघालेल्या दोन नळ्यांची आवड निराळी असू शकते. महाग डबा चांगला, हा समज तर सोडूनच द्यावा. नळीला किंमत वाचता येत नाही.

*

वरळीच्या रेंजला जायचं तर मालाडहून लोकलनं लोअर परळ गाठायचं, खांद्यावर ती लांबलचक पेटी घेऊन. डब्यातले लोक गिटार आहे का विचारतात. पेटीतला फोम पावसाळ्यात ओल धरून बसतो, आणि मार्वे-आक्शाकडून येणारा खारा वारा उरलेलं काम करतो. घरी आल्यावर पेटी उघडी ठेवावी, रायफल बाहेर काढून कोरडी पुसावी.

*

०.२२ च्या रायफलीची गोष्ट वेगळी. तिथलं काडतूस घरी भरता येत नाही. पेटणारा मसाला पुंगळीच्या कडेतच असतो आणि घोडा बसला की ती कड चेपते. पुंगळी पुन्हा भरण्याचा उद्योग चालतो तो मोठ्या काडतुसांचा, परदेशातल्या ३०० मीटरवाल्यांमध्ये. गोळी पुंगळीत किती खोल बसवली, तिचं नाक नळीतल्या पिळाच्या खाचांपासून किती दूर राहिलं, यावर त्यांच्या रात्री जातात. आपल्याकडे काडतुसं बनवायची तर १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो. आपल्या नेमबाजाच्या हाती उरतं ते एकच: लॉट, म्हणजे कारखान्यातून एकत्र निघालेली काडतुसांची खेप, निवडणं.

*

स्पर्धेच्या ०.२२ रायफलीत न झाडलेलं काडतूस हळूच बाहेर काढून शिशाकडे बघावं. चेंबर घट्ट असेल तर गोळीच्या अंगावर खाचांचे बारीक ओरखडे उमटलेले दिसतात. ते चहूबाजूंनी सारखे हवेत. एकाच अंगाला खोल असतील तर गोळी वाकडी शिरते आहे. भिंग घेऊन हे मुलांना दाखवलं की "फिट" म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

*

लॉट बदलला की पहिल्या काही गोळ्यांवर निकाल देऊ नये. प्रत्येक प्रकारच्या गोळीवरचं मेण वेगळं असतं. जुनं निघून नवं नळीत बसायला वेळ लागतो. नळी चकचकीत साफ केल्यावरही तेच.

*

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य घेतलं, ४५१.४ गुणांनी. पात्रता फेरीत ५९० गुण, सातवा क्रमांक. २०१० मध्ये म्युनिकला कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली. ५० मीटरवर ०.१ गुण म्हणजे ०.८ मिलिमीटर. इतक्या बारीक अंतरावर चाललेल्या खेळात गोळीची शंका डोक्यात घेऊन गुडघ्यावर बसणं परवडत नाही.

*

युरोपातले काडतुसांचे मोठे कारखाने स्वतःच्या चाचणी रेंजवर नेमबाजाची नळी वाइसमध्ये पकडून लॉटमागून लॉट झाडून बघतात, आणि जुळेल तोच लॉट त्याला विकतात. तिथवर जाणं किती जणांच्या आवाक्यात आहे? आपल्याकडे छोट्या रेंजवाल्यांनी निदान एक भक्कम वाइस बसवावा, चार-पाच लॉट सामाईक पैशांतून आणावेत, आणि दर रायफलीच्या नंबरापुढे तिचा कागद जपून ठेवावा. त्या अकरावीतल्या मुलीची रायफल वाइसमध्ये ४.४९ वर एकाच भोकात मारत होती. तिच्या खिशातला डबा ४.५१ चा होता, मैत्रिणीनं सुचवलेला.