आर्थरचे हात

शाळेत असताना ‘चांदोबा’मधला वेताळ ओळखीचा होता. तो प्रेतात राहायचा खरा, पण विक्रमाला कोडी घालायचा, रक्त प्यायचा नाही. कॉलेजात ब्रॅम स्टोकरचं ‘ड्रॅक्युला’ हाती आलं आणि पहिल्यांदा दिवा लावून झोपले. आरशात न दिसणारा, बोलावल्याशिवाय उंबरा न ओलांडू शकणारा काउंट! १८९७ सालच्या लंडनला परमुलखातून येणाऱ्यांची धास्ती होती. स्टोकरने तिला सुळे दिले.

पुढे कळलं, व्हॅम्पायर नावाचा हा प्राणी बऱ्याच जणांच्या कामी आला आहे. पॉलिडोरीच्या १८१९ मधल्या कथेतला व्हॅम्पायर लॉर्ड रुथवेन हा कवी बायरनवर बेतलेला उमराव, आणि पॉलिडोरी बायरनचाच डॉक्टर. मार्क्सने १८६७ च्या ‘कॅपिटल’मध्ये भांडवलालाच रक्तपिपासू ठरवलं. दुसऱ्याच्या जिवावर जगणारा कुणीही या रूपात चपखल बसतो. पण तेवढ्यासाठी मी ही पुस्तकं पुन्हा वाचली नसती.

बाबा गेल्यानंतर ‘ड्रॅक्युला’ परत काढलं आणि काउंटने व्हॅम्पायर केलेल्या ल्युसीपाशी अडकले. नुकतीच पुरलेली ती थडग्याबाहेर उभी आहे, ओठांना लहान मुलाचं रक्त. ती आर्थरला, आपल्या नियोजित वराला, लाडाने जवळ बोलावते. आणि तो हात पसरतो! सगळं दिसत असूनही पसरतो. व्हॅम्पायरचा माग काढणारा व्हॅन हेलसिंग क्रूस घेऊन मध्ये पडतो म्हणून निभावतं. दुसऱ्या दिवशी तिच्या छातीत खुंटा ठोकायची वेळ आर्थरवरच येते. ज्याचं माणूस गेलंय त्याला ते पसरलेले हात कळतात. बाबा कसेही परत आले असते, तरी मी दार उघडलं असतं.

अ‍ॅन राइस या लेखिकेची मुलगी मिशेल १९७२ मध्ये ल्युकेमियाने गेली, सहा वर्षंही पुरी झाली नव्हती. राइसच्या १९७६ च्या ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’मध्ये पाच वर्षांची क्लॉडिया आहे, मरणाच्या दारातून व्हॅम्पायर करून मागे ओढलेली. ती मरत नाही, मोठीही होत नाही. मन बाईचं होतं, अंग पोरीचंच राहतं, आणि तिला असं करणाऱ्यांवर ती जन्माचा डूख धरते. लेकीला परत मागणं आणि त्या मागण्याची किंमत, दोन्ही या एका पोरीत आहे. भुताला हे पेललं नसतं. भूत हाताला लागत नाही, व्हॅम्पायरला मिठी मारता येते.

‘ड्रॅक्युला’ वाचायला घेतलंत तर ल्युसीच्या त्या सोळाव्या प्रकरणात घाई करू नका. काउंट त्यात येतच नाही.